अर्धलीच्या शेळ्या

माझी पहिली कमाई ब्लाऊजच्या हुकांची. मधल्या सोप्यात खिडकीखाली वहिनीचं शिलाई मशीन असायचं आणि मशीनच्या शेजारी, पोत्यावर, मी. शिवून झालेला ब्लाऊज ती मागं न बघताच टाकायची, मी तो झेलायचे, हुक लावायचे, गळ्याला हातशिलाई घालायचे. पायडलचा आवाज थांबला की समजायचं, दोरा तुटलाय किंवा वहिनीला काही सांगायचंय. बहुतेक वेळा दोराच तुटलेला असायचा. ती फार बोलणारी नव्हती. तिला जाऊन आता काही महिने झाले. तिच्याविषयी लिहायचं मनात आलं तेव्हा वाटलं होतं, एका बैठकीत होईल. तसं झालं नाही. एक ओळ लिहिते, उठते, पाणी पिते, परत येऊन तीच ओळ वाचत बसते. सगळी नोकरी सांगलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली. स्वतःचं एक पान लावणं इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं.

आमचं गाव वारणेकाठी, शिराळ्याच्या खालच्या अंगाला. गावाच्या तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला नदी. घरातला एक पोरगा फौजेत जायचा आणि दुसरा ऊस बघायचा, अशी रीत होती. आमच्याकडं पोरगा एकच, माझा दादा. तो फौजेत गेला आणि ऊस आबांनाच बघावा लागला. दादाची मनिऑर्डर आबांच्या नावानं यायची, ती उसात जायची. उसाचं बिल यायचं, तेही उसात जायचं. आबा कष्टाळू होते, निर्व्यसनी होते, पण उत्पन्न म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त ऊस उभा राहायचा. दूध, भाजी, शिलाई, कोंबड्या या सगळ्याला त्यांच्याकडं एकच शब्द होता, 'फुटकळ'.

अशा घरात वहिनी जतकडून आली. तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेली असायची. पानात भाकरी वाढायला गेलं की हात आडवा धरून म्हणायची, "साकु, साकु." म्हणजे पुरे. आम्ही हसायचो. तिच्या भाकऱ्या आमच्यापेक्षा पातळ आणि कडक, चुलीला टेकवून ठेवलेल्या, आणि बरोबर शेंगांची चटणी, तीही तेल न दिसणारी. आई म्हणायची, "दुष्काळातली हाय, हात आखडताच असणार." वहिनी नुसती ऐकून घ्यायची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते, तरी ती मला रिवाजाप्रमाणं 'वन्सं' म्हणायची, आणि एवढ्या मानानं हाक मारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आज एकटी जेवताना मीही पोळीच्या डब्यावर झाकण ठेवत 'साकु' म्हणते. ऐकायला कुणी नसलं तरी म्हणते.

लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक शेळी दिली होती. आईनं ती दारात येऊ दिली नाही. उसाच्या गावात शेळी म्हणजे भांडणाचं मूळ; शेजाऱ्याच्या लावणीचे कोंब खाल्ले की बांधावर कुऱ्हाडी निघायच्या. म्हणून ती शेळी तिकडंच, बिरू बापू म्हणून एक मेंढपाळ होते त्यांच्याकडं, अर्धलीनं राहिली. अर्धल म्हणजे शेळी आपली, राखण दुसऱ्याची, आणि होतील त्या करडांत निम्मा वाटा त्यांचा, निम्मा आपला; करडू विकलं की पैसे निम्मे-निम्मे. कागद नाही, सही नाही. कुणाची शेळी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक धन्याची खूण कानावर असते. वहिनीची खूण उजव्या कानाला एक कातर, म्हणजे कात्रीनं पाडलेली खाच. त्या एका शेळीच्या चार झाल्या तेव्हा तिनं दोन शेजारच्या गावात हलवल्या, पुढं आणखी एका गावात.

"एकाच ठिकाणी बरं नसतं का बघायला?" मी विचारलं होतं.

"आमच्याकडं पाऊस एका शिवारात पडतो आन बांधाच्या पल्याड पडत न्हाई," ती म्हणाली. "सगळ्या एका गावात ठिवल्या, तर एकाच ढगाकडं तोंड करून बसावं लागंल."

एवढं बोलली म्हणजे त्या दिवशी बरंच बोलली. आमच्या घरात तिनं हळूहळू एकेक गोष्ट उभी केली. आधी मशीन, दादानं सुट्टीत आणलेलं. मग एक म्हैस, जिचं दूध ती स्वतः डेअरीला घालायची. हळद निघाली की लोकांच्या रानात राहिलेले गड्डे वेचायला जायची, त्याला सर्वा म्हणतात. ते शिजवून, वाळवून ठेवायची. आई म्हणायची, "उसाच्या घरची सून सर्वा येचती, लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणायची, "हळद पिवळी हाय म्हणतील." कोपऱ्यात खाटेवर पडलेले आबा हे ऐकून उपरण्यात तोंड लपवायचे. ते हसत होते हे मी पाहिलंय.

एकदा हुक लावता लावता मी तिला सगळा हिशेब विचारला. शिलाईचे पैसे कशाला? मिठामिरचीला. दुधाचे? दवाखान्याला, कापडाला. हळदीचे? सणावाराला. आणि शेळ्यांचे?

"कशालाच न्हाई."

"असं कसं? कशालाच नाही तर ठेवायच्या कशाला?"

तिनं पायडल थांबवलं. दोरा तुटलेला नव्हता. "वन्सं, ज्या पैशाला काम लागलंय त्यो त्या कामाचा नोकर. थोडा पैसा बिनकामाचा पायजे. आपुन कुठं अडकलो तर त्यो सोडवायला येतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं दादा पयली मुदत सपली की घरी यायला पायजेत. मुदत वाढवायची न्हाई. तवर त्या शेळ्या चरू द्यात."

आबांच्या मनात दादानं जमेल तितकी मुदत वाढवावी असं होतं. तो पगारच ऊस चालवत होता. वहिनीनं त्यावर वाद कधी घातला नाही. ती शेळ्या वाढवत राहिली.

आणि माझी हुकांची मजुरी? ती माझ्या हातात कधीच आली नाही. पहिल्या वर्षी मी चिडले, कारण शिराळ्याच्या नागपंचमीच्या जत्रेत मला काचेची शाईची दौत दिसली होती. वहिनीनं दौत घेऊन दिली, स्वतःच्या पैशानं. माझ्या मजुरीत थोडी भर घालून तिनं माहेरी गेल्यावर माझ्या नावाची एक पाट घेतली, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. येऊन विचारलं, "तुमची खूण काय ठिवू?" मी म्हटलं, डाव्या कानाला दोन कातर. का म्हटलं ते आठवत नाही. घरात ही गोष्ट आम्हा दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं मीही ती विसरले.

मी बारावी झाले. मला सांगलीला पुढं शिकायचं होतं, वसतिगृहात राहून. मार्क चांगले होते, प्रवेशाची मुदत जवळ आली होती. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बोलता तरी आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बारावी झाली, लय झालं. औंदा पाइपलाइन हाय." वरच्या माळावर नदीचं पाणी न्यायला गावातल्या काही जणांनी मिळून पाइपलाइन काढली होती, तिचा शेवटचा हप्ता राहिला होता. तो भरला नाही तर चर बुजवताना आमच्या रानाचं तोंड बंद होणार होतं. माळ भिजला तर आणखी ऊस. आबांचंही चुकत नव्हतं. आई माझ्यासाठी स्थळांची चौकशी करायला लागली होती. मी पोत्यावर बसून हुक लावायचे आणि माझे टाके वाकडे जायचे. वहिनी ते उसवून परत माझ्या हातात द्यायची.

अशात एका सकाळी दारात बिरू बापू उभे राहिले. मळकं पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात फडक्याची लहानशी गाठोडी. वहिनी डेअरीला गेली होती. आबा अंगणात दात घासत होते.

"राम राम मालक. कान दावाया आलोय."

आबांनी चूळ टाकली. "कान? कसला कान?"

"शेळीचा. पोट फुगलं, ग्येली बिचारी. लय केलं बघा, त्याल पाजलं, फिरिवलं. न्हाई ऱ्हायली."

"आरं पण मला कशाला दावतोस? आमच्यात शेळी न्हाई."

बिरू बापूंनी घराकडं नीट पाहून घेतलं. "शालनबाईंचं घर हेच न्हवं?"

शालन म्हणजे मी. आत आईच्या हातातलं उलथणं पडल्याचा आवाज आला. "आगं बया! शालनची शेळी?"

अर्धलीतलं जनावर मेलं की राखणाऱ्यानं त्याचा कान धन्याला आणून दाखवायचा, नाहीतर विकून खाल्लं असा संशय राहतो. त्यासाठी बिरू बापू जतहून आमच्या गावापर्यंत एसटी बदलत आले होते. त्यांनी फडकं सोडलं. वाळलेला, काळा, हळद लावलेला कान, डावा, दोन कातर असलेला. त्यांच्या प्रामाणिकपणानं आमचं गुपित आबांच्या पुढ्यात उघडं पडलं होतं. आबा एकदा त्या कानाकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "शाले, तू कवा गं शेळी घेतलीस?" मला हसू आवरेना आणि रडूही.

बिरू बापूंना चहा-भाकरी झाली तोवर वहिनी रिकामी किटली घेऊन आली. दारातलं घोंगडं बघूनच तिला सगळं कळलं असावं.

"किती हायत?" आबांनी विचारलं.

"हायत थोड्या. तीन गावांत."

"कुणाला इचारून?"

"आंदणाची हाय, मामा. तिच्याच पोटच्या हायत सगळ्या. आंदण वाढवाया काय इचारायचं?"

"बघा, तोंड फुटलं," आई म्हणाली.

आबांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "देवच पावला म्हणायचा. समद्या इकून टाकू. शालनच्याबी. हप्ता भागंल."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी म्हणाल तसं. पण तुमीच येऊन इका, मामा. बाईमाणसाला बाजारात भाव कोण देणार?"

मला वाटलं, तीही हरली.

इथं थोडं थांबते. माझा भाचा, वहिनीचा मुलगा, शिरवळच्या एका कारखान्यात आहे. दर महिन्याला पगारातला काही भाग तो दोन-तीन फंडांत टाकतो, मोबाईलवरच. वहिनी अंथरुणाला खिळल्यावर एकदा त्यानं तिला ते सगळं दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्यास्नी राखतंय कोण?" त्यानं सांगितलं, त्याला माणसं नेमलेली असतात. "वाटा किती घेत्यात?" त्यानं तेही सांगितलं. "अर्धलीपरास बरं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आन एखादं मेलं, तर कान आणून दावत्यात का?" तो इतका हसला की शेजारची माणसं डोकावली.

आम्ही जतला गेलो. आबा, वहिनी आणि मी. सांगली मागं पडली, मिरज मागं पडली, आणि हळूहळू खिडकीतून ऊस नाहीसा झाला. मग द्राक्षांचे मांडव, मग ज्वारीची रिकामी रानं, मग नुसतं माळरान आणि लांबवर एखादं बाभळीचं झाड. आबा खिडकीशी बसले होते. एका वस्तीवर पाण्याच्या टँकरपाशी बायकांची रांग लागलेली दिसली तेव्हा त्यांनी मान वळवून वहिनीकडं पाहिलं. ती तिकीट पदराच्या गाठीत बांधत होती.

बिरू बापूंच्या वस्तीवर त्यांच्या म्हाताऱ्या आईनं आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी, हुलग्याचं माडगं, कच्चा कांदा. आबांना आवडलं, त्यांनी परत मागून घेतलं आणि नकळत हात आडवा धरत म्हणाले, "साकु." म्हातारीला कोण आनंद झाला. इतर दोन गावांतल्या शेळ्याही बिरू बापूंनी त्या दिवसापुरत्या तिथंच आणल्या होत्या. शेळ्यांच्या वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणात, शिरल्यावर आबांमधला शेतकरी जागा झाला. त्यांनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले. बहुतेक पाटी गाभण होत्या. गाभण जनावर बाजारात उभं करू नये, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग उरले बोकड. त्यातला एक काळा, रुंद छातीचा, आबांच्या नजरेत भरला.

"ह्यो घ्या भाईर," आबा म्हणाले. "हप्त्याचा निम्मा भार ह्योच उचलंल."

बिरू बापूंनी बोकडाचा कान दोन बोटांत धरून दाखवला. डावा कान, दोन कातर; मेलेल्या माझ्या शेळीच्याच पोटचा. "ह्यो न्हाई, मालक. खूण पोरीची हाय."

"आरं, पोर माझीच हाय की."

"पोर तुमची," बिरू बापू म्हणाले. "बोकड तिचा."

म्हातारी खुदकन हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी पुढं होऊन तो कान स्वतःच्या बोटांत घेतला आणि त्या दोन कातरींवरून अंगठा फिरवला. आमच्याकडं चुकलेलं खोंड कुणाच्या रानात शिरलं तर आबा त्याची खूण बघून, वैरण घालून, मालकाच्या दारात नेऊन बांधत. खुणेच्या जनावराला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. माझ्या शिक्षणावर, माझ्या लग्नावर त्यांचा शब्द चालत होता आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पण त्या बोकडावर तो चालत नव्हता.

ते वळले आणि मला म्हणाले, "इकतीस का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं.

"सांगलीला जायचं असेल तर विकते," मी म्हणाले.

"आन न्हाई म्हटलं तर?"

"तर राहू दे. अजून मोठा होईल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं. वहिनी एका पाटीच्या पायातला काटा काढण्यात गुंतली होती. "जतचं पाणी लागलं हिला," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू फुटलं. तेवढ्यात वहिनी उठली, तिच्या खुणेचे दोन बोकड कानाला धरून तिनं आबांपुढं आणले. "ह्ये पाइपलाइनीला घ्या, मामा. पाटी द्यायच्या न्हाईत. पण फुकट न्हाई. पाणी आलं की वरच्या माळाला दोन वाफं माझ्या हळदीचं."

"वाफं मोजून घेशील का?"

"मोजून घीन की."

दुपारी व्यापारी आला. तिकडं भाव तोंडानं करत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. आबांनी वहिनीच्या बोकडांचा भाव तसाच ठरवला. काळ्या बोकडाची वेळ आली तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याचा हात सोडला, माझ्याकडं आले आणि उपरण्याची एक बाजू माझ्या हातावर टाकली. खाली त्यांचा खरखरीत तळवा होता. त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली. "एवढं म्हणतोय. देऊ?" मी मान हलवली. नाही. ते परत गेले, परत आले, आणखी एक बोट दाबलं. मोठी झाल्यावर आबांनी माझा हात कधी धरला नव्हता, आणि पुढंही कधी धरल्याचं आठवत नाही. मला भाव वाढवायचा नव्हताच. मी केवळ त्यासाठी आणखी एकदा नाही म्हटलं.

आलेल्या पैशातले निम्मे बिरू बापूंचे झाले. माझ्या वाट्याला आले त्यात पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह निघत होतं, जेवणाचं निघत नव्हतं. त्यासाठी मी सांगलीत एका शिंप्याकडून हुकांचं काम आणायचे, पुढं ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायचं काम मिळालं, आणि दर वर्षी तिकडून एखादा बोकड माझ्यासाठी विकला जायचा. नोकरी लागल्यावरही मी ती सवय सोडली नाही. पगाराच्या जोडीला काहीतरी असायचंच, प्रूफं तपासणं असेल, शिकवणी असेल, आणि थोडा पैसा बिनकामाचा. आबांचा माळ भिजला, वहिनीची हळद तिथं पिकली. दादा पहिल्या मुदतीनंतरच घरी आला, आणि दोघांना एकमेकांच्या सोबतीची भरपूर वर्षं मिळाली. वहिनी आजारी पडली तेव्हा माझी नोकरीची काही वर्षं शिल्लक होती. मी राजीनामा दिला आणि गावी येऊन तिच्या उशाशी बसले. कुणाकडं रजा मागावी लागली नाही, कुणापुढं हात पसरावा लागला नाही. तिनं माझ्या हुकांच्या मजुरीचं काय केलं होतं, ते मला खऱ्या अर्थानं त्या खोलीत कळलं.

प्रवेशाच्या दिवशी आबा माझ्याबरोबर सांगलीला आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात छत्री. खिडकीपाशी गर्दी होती. कारकुनानं सवयीनं आबांकडं हात पुढं केला. "बोला काका, फी रोख भरताय ना?"

आबा एक पाऊल मागं सरकले. "मी न्हाई. ती भरंल," ते म्हणाले. मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तिची सवताची कमाई हाय."

मी रुमालाची गाठ सोडली. पैसे मोजून दिले. परत येताना आबांनी एसटी स्टँडवर मला उसाचा रस पाजला आणि स्वतः प्यायले नाहीत. म्हणाले, रोज ऊसच बघतो.

घरी पोचलो तेव्हा चुलीपुढं वहिनी भाकऱ्या करत होती. आईनं विचारलं, इमारत केवढी आहे, खोलीत किती मुली आहेत, जेवण कसलं देतात. मी उत्साहानं सगळं सांगत राहिले. वहिनी भाकरी थापत ऐकत होती. आई पाणी आणायला उठली तेव्हा वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"काय उरलं का, वन्सं?"

"थोडं उरलंय."

"मग त्याची पाट घिऊ," ती म्हणाली, आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.